हौद ते टाकी: मोटर आपोआप बंद करण्याच्या कामाच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

आधी घराची रचना सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. घर जुळे सोलापुरात, खाली-वर दोन मजले. अंगणात जमिनीखाली साडेपाच हजार लिटरचा हौद, गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी, आणि जिन्याखाली एक एचपीची मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेली) मोटर. शहराचं बरंचसं पाणी शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीहून जलवाहिनीने येतं, शिवाय टाकळीचं भीमेचं आणि हिप्परगा तलावाचं. आमच्या गल्लीत नळ चार-पाच दिवसांनी सुटतो. कधी पहाटे, कधी भर दुपारी. हौद नसलेलं घर इकडे भाड्यालाही कुणी घेत नाही.

सध्याची पद्धत अशी: आई बटण दाबते. ओव्हरफ्लोचं पाणी शेजारच्या काकांच्या पत्र्यावर वाजायला लागलं की बंद करते. भजनाला गेली तर मला फोन येतो, "अरे, मोटर बंद केली का मी?" मी तेव्हा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जीएसटीचे आकडे जुळवत बसलेला असतो. मला काय दिसणार?

बाजारात तयार कंट्रोलर मिळतो, मग हा उपद्व्याप कशाला? कारण तो बसवून झालाय. त्यात स्टीलच्या कांड्या पाण्यात सोडलेल्या असतात आणि पाणी कांडीला लागलं की सर्किट पूर्ण होतं. उन्हाळ्यात आम्ही बोअरचं पाणी मिसळतो. त्याच्या क्षाराचा पांढरा थर कांड्यांवर बसला आणि टाकी भरली तरी कंट्रोलरला पत्ताच लागेना. त्यात सतत डीसी करंट असल्यामुळे एक कांडी खालून झिजून पार सुईसारखी झाली होती. दर दोन महिन्यांनी गच्चीवर चढून कांड्या घासायच्या, तर आईचं बटण काय वाईट?

म्हणून या वेळी पाण्याला न शिवणारा सेन्सर घ्यायचा ठरवला, म्हणजे पाण्याला न टेकता पातळी मोजणारा. ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला, आपला कोड चालवणारा छोटा संगणक), जलरोधक अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि रिले (बोर्डाच्या हुकुमाने चालू-बंद होणारा स्विच). सगळं मिळून हजाराच्या आत. मागवलं.

२१ सप्टेंबर, रविवार

सेन्सर टाकीच्या झाकणात बसवला. सकाळी आकडे झकास. टेपने मोजलं, एखाद्या सेंटिमीटरचा फरक. दुपारी जेवून बघतो तर कुणीही नळ सोडला नसताना टाकीत पाणी वाढलेलं! रात्री पुन्हा कमी झालं आणि गळतीचा इशारा मोबाईलवर आला. मुलाला पाठवून सगळे नळ तपासले. थेंबभर गळती नाही.

हा उन्हाचा खेळ. सेन्सर आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी किती वेळात आला यावरून अंतर काढतो. २० अंशांना हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, ४५ अंशांना सुमारे ३५८. काळ्या टाकीतली हवा सप्टेंबरातही दुपारी तितकी तापते. चार टक्क्यांहून जास्त फरक. पाणी मीटरभर खाली असेल तर चार सेंटिमीटर, म्हणजे आमच्या टाकीत चाळीसेक लिटरचा घोळ. तापमानाचा सेन्सर जोडून हे दुरुस्त करता येतं. मे महिन्यात इथे पारा ४३-४४ ला टेकतो, तेव्हा गच्चीवरच्या टाकीत काय होईल ते सांगायला नको.

पण खरी अडचण दुसरीच निघाली. या सेन्सरला तोंडाजवळचं वीस-पंचवीस सेंटिमीटर अंतर मोजताच येत नाही. टाकी पूर्ण भरते तेव्हा पाणी झाकणापासून पंधरा सेंटिमीटरवर असतं. म्हणजे टाकी भरली हेच ज्याने सांगायचं, तो नेमका त्याच वेळी आंधळा. चार इंची पाइपाचा तुकडा झाकणावर उभा करून सेन्सर उंचावला, तर पाइपाच्या भिंतीवरूनच आवाज परत यायला लागला. शिवाय पहाटे सेन्सरच्या तोंडावर वाफेचे थेंब.

दुकानातल्या माहितीपत्रकावर हे अंतर छापलेलं असतं. घेण्याआधी तेवढं वाचा आणि आपल्या टाकीच्या झाकणाखाली टेप लावून बघा.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सीनेला मोठा पूर. माढा, मोहोळकडच्या गावांत पाणी शिरलं आहे, काल लांबोटीपाशी पुणे महामार्गावरची वाहतूक बंद होती. अल्ट्रासॉनिकऐवजी मागवलेलं माझं फ्लोट स्विचचं (पाण्यावर तरंगून चालू-बंद होणाऱ्या स्विचचं) पार्सल पुण्याहून निघून कुठेतरी अडकलं आहे. त्याचं काही नाही. कारखान्यातले मोहोळकडून येणारे दोघे कामावर आले नाहीत आणि त्यांचे फोनही लागत नाहीत, जिवाला घोर त्याचा आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

दोघांशी बोलणं झालं. माणसं सुखरूप, एकाचा कडबा आणि उभं सोयाबीन गेलं.

आज घरी वेगळाच प्रकार. टाकी भरायला आली, मोबाईलवरून मोटर बंद केली. ॲप म्हणतं 'बंद', रिलेवरचा लाल दिवा विझलेला, आणि मोटर आपली चालूच. पत्र्यावर धो धो पाणी. शेवटी मोटरीच्या लाइनचा खटका, म्हणजे एमसीबी, पाडला.

रिले उघडून बघितला तर आतले दोन्ही संपर्क एकमेकांना वितळून चिकटलेले. रिलेवर १० ॲम्पिअर छापलंय आणि मोटर चालताना साडेपाचच्या आसपास घेते, म्हणून मी निर्धास्त होतो. सोमवारी कारखान्यातल्या वायरमन मामांना दाखवायला तो रिले डब्यात ठेवलाय.

२९ सप्टेंबर, सोमवार

मामांनी हातात घेऊन बघितला आणि हसले. "मोटर याच्यावर चालवतो का बे? हा दिवा लावायचा आहे." मोटर सुरू होण्याच्या क्षणी चालत्या करंटच्या पाच-सहा पट ओढते, म्हणजे आमची तीसेक ॲम्पिअर. छापलेले १० ॲम्पिअर हीटर, बल्ब अशा साध्या भारासाठीचे. मोटरीला कॉन्टॅक्टरच, म्हणजे जड भार झेलणारा मोठा रिलेच लागतो, आणि घेताना त्यावरचा एसी-३ चा आकडा बघायचा, तो मोटरीसाठीचा असतो. त्यांनी ९ ॲम्पिअरचा सांगितला. नवी पेठेतून साडेआठशेला घेतला. छोट्या रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल (त्याला चालू करणारं वेटोळं) ओढायची, मोटरीचा भार कॉन्टॅक्टरने झेलायचा.

बंद झालेली मोटर चालू होत नाही तो दोष परवडतो. चालू मोटर बंदच होत नाही तो दोष महागात जातो. यापुढे प्रत्येक सुटा भाग याच प्रश्नावर तपासायचा असं ठरवलं: हा बिघडला तर मोटर कुठे अडकेल, चालूत की बंदात?

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. कारखान्यात मागांची पूजा, घरी ड्रिल, मल्टिमीटर, पक्कड सगळं पाटावर हळदकुंकू लावून. आईने बजावलं, आज हत्याराला हात लावायचा नाही. काम बंद.

५ ऑक्टोबर, रविवार

कॉन्टॅक्टर बसवला. मोटर ठणठणीत चालू-बंद होते. मात्र बंद होताना दर वेळी ईएसपी३२ रीस्टार्ट होतो. आधी वाटलं पॉवर सप्लाय हलका आहे, म्हणून दुसरा लावला. तेच. कोडवर संशय घेऊन अर्धा दिवस त्यात घातला. वायर बदलल्या. तेच.

कॉन्टॅक्टर सुटताना कॉइलमधून विजेचा झटका उलटा येतो आणि शेजारचा बोर्ड गोंधळतो. उपाय पंधरा-वीस रुपयांचा: कॉइलच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-टू कपॅसिटर आणि त्याच्या ओळीत १०० ओहमचा रेझिस्टर. याला स्नबर म्हणतात, काही कॉन्टॅक्टरवर तो तयारही बसवता येतो. कपॅसिटर एक्स-टू प्रकारचाच, २७५ व्होल्ट एसी लिहिलेला घ्या. साधा लावला तर एक दिवस फुटेल. शिवाय बोर्डाचा डबा कॉन्टॅक्टरपासून दोन फूट लांब नेला. रीस्टार्ट थांबला.

याच डब्याच्या आधी ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, घातला. पाणी, गच्ची, अनवाणी माणसं, आणि त्यात वीज. इथे काटकसर नको.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पुरानंतर नळाला गढूळ पाणी येतंय, हौदाच्या तळाला बारीक गाळ बसलाय. संध्याकाळी घरी आलो तर मोटरीचा आवाज बदललेला, अंगाला हात लावला तर चटका बसला. हौदात चार फूट पाणी, वर टाकी कोरडी. मोटरीने हवा धरली होती.

हौदातल्या पाइपाच्या टोकाला पाणी परत उतरू न देणारा फुटव्हॉल्व्ह असतो. त्याच्या झडपेत वाळूचा खडा अडकल्यामुळे झडप नीट बसत नव्हती, पाइपातलं पाणी हौदात परत उतरलं आणि मोटर कोरडी फिरत राहिली. सील गेलं. नवा पितळी फुटव्हॉल्व्ह ५२० रुपये, मोटरीचं सील आणि मजुरी ७००, हौद उपसून गाळ काढायला एक माणूस ६००. दोन दिवस घरात पाणी बादलीने. बायको काही बोलली नाही, हेच जास्त लागलं.

हौदात पाणी आहे म्हणून मोटरीत पाणी आहे असं नाही, हे मी धरलंच नव्हतं. हौदातला फ्लोट हा प्रकार पकडू शकत नाही. यावर वेगळा इलाज लागेल.

१२ ऑक्टोबर, रविवार

पूर्ण दिवस गच्चीवर. अल्ट्रासॉनिक काढून टाकला. आलेले फ्लोट स्विच बसवले: एक टाकीत, एक हौदात. साडेतीनशेचा एक. हा प्लॅस्टिकचा पोकळ भोपळा, आत सुटी गोळी आणि स्विच. पाणी वर आलं की भोपळा उलटतो आणि टाकीतला स्विच बंद होतो. हौदातला उलटा जोडायचा, पाणी खाली गेलं की बंद. क्षार बसो, वाफ येवो, ऊन तापो, त्याला फरक पडत नाही.

बसवताना दोन गोष्टी सांभाळा. वायरवर एक वजन सरकवायचं असतं. वजन आणि भोपळा यांच्यात वायर जितकी लांब, तितका 'चालू' आणि 'बंद' या पातळ्यांमधला फरक जास्त. मी आधी अर्ध्या फुटाची ठेवली, तर कुणी हात धुतला तरी मोटर उठायची. सव्वा फूट केल्यावर टाकी बरीच उतरल्यावर एकदाच चालू होते. दुसरं, भोपळा पाणी पडतं त्या पाइपापासून लांब ठेवा. माझा पहिल्या चाचणीत पाइपामागे अडकून बसला होता, झाकण उघडं होतं म्हणून दिसलं.

टाकीत २३० व्होल्ट उतरवायचे नाहीत. दुकानदार सांगतो, "डायरेक्ट मोटरीला जोडा, सगळे तसंच करतात." ऐकू नका. माझ्या फ्लोटमधून १२ व्होल्ट जातात. साखळी अशी: १२ व्होल्टचा सप्लाय, मग टाकीचा फ्लोट, मग हौदाचा फ्लोट, मग ईएसपी३२ च्या रिलेचा संपर्क, मग १२ व्होल्टचा रिले, आणि तो कॉन्टॅक्टर ओढतो. सगळं एका ओळीत. कुठलाही एक दुवा सुटला की मोटर बंद. कुठेही वायर तुटली तरी मोटर बंदच. कॉन्टॅक्टर स्वतःच चिकटला तर तेवढं यात येत नाही, म्हणून एमसीबी आईच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर घेतला.

बोर्डाला या साखळीत मोटर बंद करायचा अधिकार आहे. फ्लोटने बंद केलेली मोटर चालू करायचा नाही.

भिंतीवर तीन जागांचा स्विचही लावला: आपोआप, बंद, हाताने. 'हाताने'वर बोर्ड बाजूला पडतो पण दोन्ही फ्लोट मधे राहतात. आईने विचारलं, "म्हणजे माझं बटण आहे ना?" आहे. तिने दिवसातून दोनदा उगाच दाबून बघितलं.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरकचतुर्दशी. पहाटे अभ्यंगस्नानाला टाकी काठोकाठ, कुणाला उठून मोटर लावावी लागली नाही. चकली खात बातम्या चाळत होतो. दुपारपासून जगभर निम्मी ॲप्स बंद, ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या क्लाउड केंद्रात बिघाड. मूळ कारण डायनॅमोडीबी या डेटाबेसच्या पत्त्यांची नोंद बिघडणं, म्हणजे डीएनएसचा घोळ. अमेरिकेत लोकांच्या इंटरनेटवर चालणाऱ्या पलंगांची उष्णता आणि उतार अडकून बसले म्हणे. मी आईला वाचून दाखवलं. तिचा विश्वास बसला नाही, "पलंगाला कशाला इंटरनेट?"

हसण्यावारी नेलं, पण माझ्या डब्यातही तोच मार्ग होता. मोबाईलचा 'बंद'चा हुकूम कुठल्यातरी परदेशी सर्व्हरवर जाऊन माझ्याच जिन्याखाली परत येत होता. मोटर मोबाईलपासून वीस फुटांवर! आज बंद पडलं नाही, पण पडलं असतं तर कारण मला शोधताही आलं नसतं.

२३ तारखेला भाऊबीज, पाहुणे. त्यानंतर हे काढायचं.

२६ ऑक्टोबर, रविवार

ॲप काढलं. ईएसपी३२ आता घरच्या वायफायवरच एक छोटं पान दाखवतो. इंटरनेट फक्त संदेश पाठवायला. नेट गेलं तर संदेश येणार नाही, बाकी काही अडणार नाही.

वायफायचं एक: हा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर जोडला जातो. नव्या राउटरमध्ये दोन्ही बँड एकाच नावाने असतात, माझा बोर्ड त्यात अडखळत होता. २.४ ला वेगळं नाव दिलं, जोडला. जिन्याच्या स्लॅबखाली सिग्नल कमकुवत आहे, पण संदेशापुरता पुरतो.

२ नोव्हेंबर, रविवार

हवा धरण्यावरचा इलाज. पंपात पाणी नसलं की मोटरीला काम कमी आणि करंटही कमी. म्हणून वायरीभोवती चिमट्यासारखा बसणारा करंट सेन्सर आणला, ४५० रुपये. मोटरीच्या तीन पदरी केबलभोवती लावला. वाचन शून्य. मोटर दणादण चालतेय आणि करंट शून्य!

जाणारा आणि येणारा करंट एकाच चिमट्यात घेतला की दोन्ही एकमेकांना खोडतात. केबल सोलून फक्त फेजची वायर चिमट्यात घ्यायची. घेतली. पाण्यासह ५.४ ॲम्पिअर, फुटव्हॉल्व्ह मुद्दाम उचलून हवा धरवली तर ३.६. मधला आकडा ४.३ ठेवला: सुरू झाल्यानंतर पहिली वीस सेकंदं सोडून, त्याखाली अर्धा मिनिट राहिला की बोर्ड साखळी तोडतो आणि मी हाताने उठवेपर्यंत उठत नाही. तुमच्या मोटरीचे आकडे वेगळे येतील, माझे उचलू नका. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज उतरतं तेव्हा दोन्ही आकडे हलतात, म्हणून मोजणी सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा करा.

शिवाय एक कमाल वेळ: टाकी भरायला चाळीसेक मिनिटं लागतात, म्हणून पंचावन्न मिनिटांनंतर काहीही असो, बंद.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आता नळाला पाणी आल्याचा निरोप. नळाच्या पाइपात पंखा असलेला फ्लो सेन्सर बसवलेला. मध्यरात्री दोनला मोबाईल ठणाणला, "पाणी आलं." उठलो, खड्ड्यातला नळ बघितला, नुसता फुस्स आवाज. पाणी यायच्या आधी जलवाहिनीतली हवा बाहेर पडते आणि तीच पंखा गरागरा फिरवते, पाण्यापेक्षाही जोरात. त्या रात्री पाणी आलंच नाही. बायको म्हणाली, आधी पाण्यासाठी उठायचो, आता हवेसाठी उठतो.

बदल: पंखा सलग दोन मिनिटं फिरला आणि त्याचा वेग पाण्याइतकाच असला तरच निरोप. हवेचा वेग वेडावाकडा आणि फार जास्त असतो, तो ओळखू येतो. सेन्सरच्या आधी स्टीलची जाळीही घातली, नाहीतर गाळाने पंखा अडेल.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी कामावरून निघताना नकाशा बघायला मोबाईल उघडला तर अर्ध्या वेबसाइट बंद, आज क्लाउडफ्लेअर या असंख्य वेबसाइटना सेवा पुरवणाऱ्या कंपनीचा बिघाड. आसरा पुलावर नेहमीची कोंडी, तिला नकाशा कशाला लागतो म्हणा. घरी आलो, टाकी भरलेली होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

खर्चाचा हिशेब, हिशेबाचाच माणूस असल्यामुळे पावत्या ठेवल्यात. वापरात असलेलं सामान: बोर्ड ४८०, दोन फ्लोट ७००, कॉन्टॅक्टर ८५०, १२ व्होल्टचा सप्लाय आणि रिले ४३०, आरसीसीबी १,९००, करंट सेन्सर ४५०, फ्लो सेन्सर आणि जाळी ३९०, डबा, वायर, स्विच, किरकोळ १,३५०. एकूण ६,५५०. वाया गेलेलं: अल्ट्रासॉनिक, जळका रिले, जादा पॉवर सप्लाय मिळून साडेसातशे. फुटव्हॉल्व्ह, सील आणि हौदाचे १,८२० वेगळे. तयार कंट्रोलर दोन हजारात येतो, तेव्हा पैसे वाचवायला कुणी यात पडू नये. नुसतं मोटर बंद होण्याशी मतलब असेल तर दोन फ्लोट, १२ व्होल्टचा सप्लाय, रिले, कॉन्टॅक्टर आणि आरसीसीबी एवढं पुरे, बोर्डाची गरज नाही. डबा-वायर सोडून चार हजारांच्या आत आणि एका रविवारात होईल.

राहिलेलं काम: हौदाच्या झाकणातून जाणारी वायर अजून उघडी आहे, तिला पाइप घालायचा आहे. उंदरांनी एकदा चव घेतलीय. वायर तुटली तर मोटर बंदच राहील, पण आईला ते पहाटे कळेल आणि फोन मला येईल.